खेकडा साफ करताना

दिवाळीचा अंक बहुधा दुपारी वाचला जातो. अभ्यंगस्नान आटोपलेले असते, फराळाचे ताट एकदा घरभर फिरून आलेले असते, आणि कुणीतरी आरामखुर्चीत पडून अंकाची पाने चाळीत असते. अशा वेळी खेकड्यांविषयी लिहावे, आणि तेही ते साफ कसे करतात याविषयी, हे काहीसे अप्रशस्त वाटेल याची मला कल्पना आहे. चकली मोडताना कुणाचा जीव जात नाही, आणि करंजीला नांग्या नसतात. परंतु चार दिवसांच्या गोडानंतर पाचव्या दिवशी ज्यांना झणझणीत रश्श्याची आठवण होते, ती घरेही हा अंक घेतात. शाकाहारी वाचकांना मधला मजकूर जड वाटला तर त्यांनी तो खुशाल ओलांडावा. शेवटी मात्र पुन्हा भेटावे. कारण हा प्रश्न सरतेशेवटी एकट्या खेकड्याचा राहत नाही.

प्रश्न सुरू होतो तो एका शब्दापासून. आपण म्हणतो, कोंबडी कापली, बकरा कापला. या क्रियापदांत काही लपवालपवी नाही. पण खेकडे? खेकडे आपण ‘साफ’ करतो. तांदूळ साफ करतात, लसूण साफ करतात, माळा साफ करतात. बाजारातून आणलेला बांगडाही साफच करतात. पण तो घरी येतो तोच मेलेला. खेकडा तेवढा बहुधा जिवंत येतो, परातीत खरखर आवाज करीत फिरतो, काठावर चढू पाहतो. आणि त्यालाही आपण तोच शब्द लावतो. तापलेले पातेले चुलीवरून उतरवायचे तर आपण सांडशी घेतो, म्हणजे हात भाजत नाही. ‘साफ करणे’ हा शब्द इथे सांडशीचे काम करतो. मनाला चटका लागू न देता एक गोष्ट उचलून बाजूला ठेवता येते.

याच्या उलट एक मौज पाहा. कोकणात नरकचतुर्दशीच्या पहाटे तुळशीपुढे अंगठ्याखाली कारीट फोडतात, आणि घरातले शेंबडे पोरसुद्धा ओरडून सांगते की, मी नरकासुर मारला. एक कडू फळ फोडताना आपण ‘मारले’ म्हणतो, आणि खरोखर मारतो तेव्हा ‘साफ केले’ म्हणतो.

मी गेली वीस वर्षे घाटाच्या पायथ्याशी एका गावात शिकवते. समुद्र इथून दूर आहे. त्यामुळे मी बोलते आहे ते ओढ्यातल्या आणि भातशेतीच्या बांधांतल्या, गोड्या पाण्याच्या खेकड्यांविषयी. प्रत्येक मुलखाने याला आपापले नाव दिले आहे. ठाणे-रायगडाकडे चिंबोरी म्हणतात, शेतातल्या काळ्या जातीला मुठा म्हणतात, मालवण-गोव्याकडे कुर्ली होते, कोल्हापूरकडे किरवे. मृगाचा पाऊस पडला की ही मंडळी बिळांतून बाहेर येतात, आणि त्यांच्यामागे बॅटऱ्या घेऊन गावातली तरुण मुले बाहेर पडतात. सकाळी रस्त्याच्या कडेला कातकरी आणि ठाकर बाया खेकड्यांच्या माळा घेऊन बसतात. नांग्या दोरीने आवळलेल्या असतात, तोंडाशी फेस आलेला असतो. गिऱ्हाईक वाकून पाहते आणि पहिला प्रश्न विचारते, “मावशी, जिते हायेत ना?”

हा प्रश्न निर्दयपणाचा नाही, व्यवहाराचा आहे. मेलेला खेकडा फार लवकर बिघडतो. त्याच्या पोटात पचनाची जी ग्रंथी असते, तिचा रस मेल्यानंतर त्याचेच मांस विरघळवू लागतो. म्हणून खेकडा घ्यायचा तर जिवंत घ्यावा, ही जाणत्या बायकांची शिकवण अगदी बरोबर आहे. चुकते ते पुढे. तो जिवंत घ्यावा, याचा अर्थ तो जिवंतच सोलावा असा आपण करून टाकला आहे.

सोलण्याची रीत बहुतेक घरांतून एकच. खेकडा मागून धरायचा, म्हणजे नांगी पोचत नाही. मग मोठ्या नांग्या पिळून उपटायच्या. मग आठ पाय, एका बाजूचे चार, दुसऱ्या बाजूचे चार. मग तो उताणा करून पोटाखालची झडप उचकटायची, पाठीचे कवच ओढून वेगळे करायचे, आतले पिसांसारखे कल्ले आणि मातीची पिशवी काढून टाकायची, आणि उरलेले पेंदे पाण्याखाली धरायचे. बारीक पाय पाट्यावर वाटून त्यांचा रस गाळून रश्श्यात घालायचा. चव तिथेच असते. या सगळ्या क्रमात खेकडा नेमका कधी मेला, हे कुणी सांगू शकत नाही. कुणी ते पाहिलेले नसते, कारण त्याला मारण्याचे काम त्या क्रमात कुठे लिहिलेलेच नाही. तो वाटेत केव्हातरी मरतो.

हे काम करते कोण? रात्री बांधावर जाऊन खेकडे पकडण्यात पराक्रम असतो, आणि त्याच्या कथा पुढे आठवडाभर चालतात. रस्सा भुरकण्यात आनंद असतो. या दोहोंच्या मधला जो भाग, तो मोरीवर बसलेल्या बाईच्या वाट्याला येतो. पंगतीला बसलेल्यांनी तो पाहिलेला नसतो. मी कितीतरी बायकांना हे काम करताना पाहिले आहे, आणि मीही करते. कुणी तोंड फिरवून हात चालवते, कुणी शेजारणीशी मोठमोठ्याने बोलत राहते, कुणी नळ पूर्ण सोडून ठेवते. क्रूर बाई त्यांत मला एकही आढळली नाही. उलट तोंड फिरवण्याची गरज वाटते, यातच सारे आले. मेथी निवडताना कुणी तोंड फिरवीत नाही.

एकदा वर्गात संधिपाद प्राण्यांचा धडा चालू होता. मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, “बाई, पाय तोडल्यावर खेकडा ओरडत का नाही?” वर्ग हसला. मी सांगितले की त्याला आपल्यासारखा गळा नाही, आवाज नाही. मुलगा खाली बसला आणि लगेच पुन्हा उभा राहून म्हणाला, “म्हणजे दुखत असेल तरी कळायचं नाही?” त्या धड्यावर परीक्षेत विचारतात ते प्रश्न याहून पुष्कळ सोपे असतात.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, त्यामुळे त्या मुलाला पुरेसे उत्तर देण्यासाठी मला वाचावे लागले. सुदैवाने या विषयावर विद्वानांनी पुष्कळ काम केले आहे. आयर्लंडच्या उत्तर भागात बेलफास्टचे क्वीन्स विद्यापीठ आहे. तिथे रॉबर्ट एलवुड नावाच्या प्राध्यापकांनी खेकड्यांना दुखते का, या एकाच प्रश्नापाठी कित्येक वर्षे घालवली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात किनाऱ्यावरच्या खेकड्यांपुढे दोन काळोखी आडोसे ठेवले होते. खेकड्याला अंधार प्रिय. तो आडोशाला जाणारच. त्यातल्या एका आडोशात त्याला विजेचा सौम्य धक्का बसे. धक्का बसताच अंग आखडणे ही झाली शरीराची आपोआप होणारी हालचाल. ती मेल्यानंतरही काही वेळ होऊ शकते. पण हे खेकडे थोड्याच फेऱ्यांत तो आडोसा टाळून दुसरा निवडू लागले. म्हणजे धक्का संपला तरी त्याची आठवण राहिली, आणि त्या आठवणीवरून पुढचे वागणे ठरले.

दुसरा प्रयोग २००७ सालचा, आणि आपल्या मोरीशी त्याचा अधिक जवळचा संबंध आहे. संकटात सापडलेला खेकडा आपली नांगी स्वतः टाकून पळतो, हे कोकणातल्या मुलांना ठाऊक असते. पायाच्या मुळाशी ठरलेल्या जागी तो सांधा सुटतो, जखम चटकन बंद होते, आणि पुढे कात टाकताना नवा अवयव फुटू लागतो. यावरून अनेकजण म्हणतात, जो आपले पाय आपण टाकतो त्याला ते उपटल्याचे काय दुःख? बेलफास्टच्या संशोधकांनी स्वतः नांगी टाकलेले खेकडे आणि हाताने नांगी उपटलेले खेकडे यांची तुलना केली. उपटलेल्यांच्या जखमा मोठ्या होत्या, आणि शरीरावर ताण पडल्याच्या खुणा त्यांच्या अंगात स्पष्ट अधिक होत्या. देणे आणि हिसकावून घेणे यांतला फरक खेकड्याच्या रक्तालाही कळतो म्हणायचा.

पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या अभ्यासकांनी जोनाथन बर्च यांच्या नेतृत्वाखाली तीनशेहून अधिक शोधनिबंध तपासून २०२१ साली अहवाल दिला. खेकड्यांना सुखदुःखाची जाणीव असल्याचा पुरावा भक्कम आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता; आणि त्यांचे जिवंतपणी तुकडे करू नयेत, त्यांना जिवंत उकळू नये, अशी शिफारस त्यात होती. २०२२ साली ब्रिटनने आपल्या कायद्यात जाणीव असलेल्या प्राण्यांमध्ये खेकडे, शेवंड, कोळंबी यांचा समावेश केला. स्वित्झर्लंडने तर त्याआधीच, २०१८ साली, शेवंड बधिर न करता उकळत्या पाण्यात टाकण्यास बंदी केली होती. युरोपात गोड्या पाण्यात क्रेफिश नावाचा एक प्राणी असतो, लांबट, शेवंडीचा धाकटा भाऊ शोभावा असा. आपल्याकडे तो मुळात नाही. फ्रेंच स्वयंपाकात त्याच्या शेपटीचे मधले पान पिळून त्याचे आतडे तो जिवंत असतानाच ओढून काढण्याची जुनी रीत आहे; त्यालाही तिकडे साफ करणेच समजतात. तेव्हा ही सांडशी केवळ मराठी स्वयंपाकघरातली आहे असे मानून आपण स्वतःला फार दोष देऊ नये.

आपला स्वतःचा कायदा तर याहून जुना आहे. राज्यसभेच्या सदस्य असताना नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी या बाबतीत फार आग्रह धरला, आणि १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. त्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव, अशी व्याख्या आहे. अन्नासाठी प्राणी मारणे, किंवा मारण्याची तयारी करणे, हा त्यात गुन्हा नाही. मात्र त्यात अनावश्यक वेदना देता कामा नयेत, अशी अट आहे. अनावश्यक! सारा प्रश्न या एका शब्दात साठवला आहे. खेकडा खाण्यासाठी त्याचा मृत्यू आवश्यक आहे, हे मान्य. जिवंतपणी त्याचे दहा अवयव एकामागून एक उपटणे कशासाठी आवश्यक आहे?

कुणी म्हणेल, एवढे पुरावे असले तरी खेकड्याच्या मनात शिरून कुणी पाहिले आहे? खरे आहे. शंकेला जागा आहे, आणि प्रामाणिक शास्त्रज्ञ तसे म्हणतातही. पण शंका असताना भल्या माणसाने कोणत्या बाजूने चुकावे, याचा विचार आपल्या न्यायालयांनी करून ठेवला आहे. संशयाचा फायदा, ज्याचे नुकसान भरून येणार नाही त्याला द्यायचा. इथे एका बाजूला अर्धा तास आणि चार रुपयांचा बर्फ आहे, दुसऱ्या बाजूला एका जिवाचे दहा अवयव. तागडी कुठे झुकते ते सांगायला मोठे पांडित्य लागत नाही.

दुसरा कुणी याहून अवघड प्रश्न विचारील: एवढी कणव आहे, तर खाताच कशाला? ज्यांना हा प्रश्न पडला आणि ज्यांनी खाणे सोडले, त्यांच्यापुढे मी वाद घालीत नाही. त्यांचे उत्तर माझ्यापेक्षा सरळ आहे. पण मी खाते, माझ्या गावातली बहुतेक घरे खातात, आणि ज्या घरात चूल अशी पेटते तिथे ‘खाऊ नका’ एवढे सांगून काम संपत नाही. यावर महाभारताच्या वनपर्वातली धर्मव्याधाची गोष्ट मला नेहमी जवळची वाटते. कौशिक नावाचा तपस्वी ब्राह्मण नुसत्या क्रोधाच्या दृष्टीने एका बगळीला मारतो. पुढे भिक्षेला जातो, तिथे एक घरकामात गुंतलेली गृहिणी त्याला सुनावते की, मी काही ती बगळी नव्हे. आणि धर्म शिकायचा तर मिथिलेतल्या व्याधाकडे जा म्हणून सांगते. कौशिक जातो तो थेट मांसाच्या दुकानात. तो व्याध आपल्या धंद्याला गोंडस नाव देत नाही. हे कर्म घोर आहे, असे तो सरळ म्हणतो. नांगर चालवणाराही जमिनीतले असंख्य जीव मारतो, हिंसेपासून संपूर्ण मोकळा असा कुणीच नाही, हेही तो सांगतो. मला त्यातले विशेष वाटते ते हे की, तपस्व्याला धर्म शिकवणारी दोन्ही माणसे त्या कथेत स्वयंपाकघरात आणि खाटकाच्या दुकानात सापडतात. तपाने बगळी मारली ती कुणाला सांगावीशी वाटली नाही. व्याधाने मात्र आपल्या दुकानावर पडदा टाकला नाही.

माझे म्हणणे त्या व्याधाच्या वळणाचेच आहे, आणि ते फार लहान आहे: आधी मारावा, मग साफ करावा. क्रम एवढाच बदलायचा. यात खेकडा वाचत नाही, हे मला ठाऊक आहे. पण मरणे आणि जिवंतपणी सुटे होणे यांत काही फरक नाही असे ज्याला वाटते, त्याने स्वतःसाठी दोहोंतले एक निवडून पाहावे.

करायचे कसे, तेही सांगते, कारण उपदेश करून कृती न सांगणे हा मास्तरकीतला मोठा दोष आहे. आधी प्रत्येक खेकडा उताणा करून झडपेखाली पाहावे. गोड्या पाण्यातल्या खेकड्याची मादी अंडी आणि त्यातून निघालेली पिल्ले या झडपेखाली घेऊन हिंडते. समुद्रातल्या खेकड्यांप्रमाणे तिची पोरे अळीच्या रूपाने पाण्यावर तरंगत जात नाहीत, बाहेर येतात ती इवल्या खेकड्यांच्याच रूपात. जाणते पकडणारे अशी मादी बांधावरच सोडून देतात. आपल्याकडे आलीच तर ओढ्यात सोडावी. पुढच्या पावसाळ्याचे खेकडे तिच्या पोटाशी आहेत. बाकीचे भरपूर बर्फ घातलेल्या पाण्यात निदान अर्धा तास ठेवावेत. गारठ्याने ते निपचित होतात. डोळ्याला काडी लावून पाहावी, झडप उचलून पाहावी. काहीच प्रतिकार नसेल तर पुढचे काम करावे. नुसत्या थंडीने खेकडा मेला असे समजू नये. त्याला आपल्यासारखा एकच मेंदू नाही; मज्जातंतूंची एक गाठ डोळ्यांच्या मागे असते, दुसरी मोठी गाठ पोटाच्या बाजूला मधोमध. म्हणून एक टोकदार दाभण किंवा सुरी झडपेखाली मधोमध उभी खुपसावी, आणि लगेच दुसऱ्यांदा पुढून, दोन डोळ्यांच्या मधल्या जागी. सवय झालेल्या हाताला दहा सेकंद लागतात. लगोलग साफ करून पातेल्यात टाकल्यावर चवीत तसूभर फरक पडत नाही. आता मात्र ‘साफ करणे’ हा शब्द खरा होतो. त्याच्या आड काही उरत नाही.

रस्त्याकडेला बसणाऱ्या मावशीला मी हे सांगायला जात नाही. रात्रभर चिखलात उभे राहून तिने ते पकडलेले असतात, आणि संध्याकाळचे तांदूळ त्या माळेवर अवलंबून असतात. तिच्याकडे बर्फ कुठला? तो माझ्या घरी असतो, आणि म्हणून ही जबाबदारी माझी ठरते. ज्याला सोय आहे त्याने आधी करावे.

आता मध्ये निरोप घेतलेले शाकाहारी वाचक परत आले असतील. त्यांच्याही घरात अशा सांडश्या असतील. रस्ता ‘साफ केला’ म्हणतात, तेव्हा कडेला भाजी विकणाऱ्या बाईची टोपली उचललेली असते. जागा ‘मोकळी केली’ म्हणतात, तेव्हा तिथली चूल विझलेली असते. शाळेचा निकाल ‘सुधारला’ म्हणतात, तेव्हा कधीकधी दोन कच्च्या पोरांना परीक्षेआधीच वाट दाखवलेली असते. यांतली काही कामे कदाचित करावीच लागत असतील. पण करावी लागतात म्हणून त्यांचे नाव बदलावे असे नाही. खरे नाव उच्चारले की हात क्षणभर थांबतो, आणि त्या क्षणात निदान एवढे विचारता येते की, यातले आवश्यक किती आणि अनावश्यक किती.

मोरीवर बसलेल्या आईजवळ येऊन लहान मूल विचारते, “काय करतेस?” पिढ्यान्‌पिढ्या त्याला उत्तर मिळत आले आहे, “काही नाही, साफ करतेय.” यापुढे त्याला खरे सांगावे: मारते आहे, दुखू न देता मारता येईल तितके बघते आहे, मग साफ करीन. ऐकून ते मूल त्या दिवशी रस्सा नको म्हणेल, किंवा दोन वाट्या मागून घेईल. नको म्हणाले तर त्याच्या पानात आमटी वाढावी, आणि भाऊबीजेला जमलेल्या मामा-मावश्यांनी त्यावरून त्याला चिडवू नये.